पाच लाखांत किती फुटपाथ येतो?

आमच्या आईनं भाजीवाली बदलली.

तुम्ही म्हणाल, यात काय बातमी? पण ज्यांच्या घरात आई आहे आणि आईची ठरलेली भाजीवाली आहे, त्यांना लगेच कळेल. माणूस बँक बदलतो, मोबाईल कंपनी बदलतो, तुम्ही-आम्ही तर दर दीड वर्षानं नोकरीही बदलतो. भाजीवाली बदलत नाही. आईच्या या मावशी सतरा-अठरा वर्षं त्याच चौकात, त्याच पिंपळाखाली बसतात. दोघींना एकमेकींच्या घरातली लग्नं, दुखणी, जावयांचे स्वभाव असं सगळं तोंडपाठ. आणि एके दिवशी आई मला म्हणाली, "ते तुझं दहा मिनिटांत भाजी आणणारं अॅप माझ्याही फोनवर टाकून दे गं."

भांडण झालं असणार, असं मला वाटलं. भाव वाढवले असतील. तसं काहीच नव्हतं. चौक आमच्या सोसायटीपासून ३१० मीटरवर आहे (हा आकडा अंदाजपंचे नाही, टेपनं मोजलेला आहे, ती गोष्ट पुढे येतेच). या ३१० मीटरमध्ये फुटपाथ नाही. म्हणजे सुरुवातीला चाळीस-पन्नास पावलं आहे, मग विजेचा डबा येतो, मग टू-व्हीलर्सची रांग, मग एका बंगल्याची पुढे आलेली भिंत, आणि मग नुसती माती. माणसानं रस्त्यावर उतरायचं आणि मागून येणाऱ्याच्या भरवशावर चालायचं. "पूर्वी निदान आवाज यायचा," आई म्हणाली. "आता त्या बॅटरीच्या स्कूटर अंगावर येईपर्यंत कळत नाहीत."

आई ६४ वर्षांची आहे. गुडघे ठीक, डोळे ठीक, बीपी नाही. डॉक्टर सांगतात रोज चाला. ती हॉलमध्ये चालते. सोफ्यापासून बाल्कनीपर्यंत, टीव्ही बघत.

मला त्या दिवशी खरं तर राग यायला हवा होता. त्याऐवजी लाज वाटली, कारण पुढचाच प्रश्न डोक्यात आला, की इथे फुटपाथ करायचा की नाही हे नेमकं ठरवतं कोण? मास कॉमची डिग्री आहे माझ्याकडे, लोकल गव्हर्नन्सचा एक अख्खा पेपर होता. उत्तर येत नव्हतं. संध्याकाळी कॅफेत आमचा ग्रुप जमला होता. एक जण आयटीतला, एक एचआरवाली, एक सीए, एक आर्किटेक्ट. विचारलं, तुमचा प्रभाग क्रमांक काय? चौघांनाही सांगता आला नाही. आर्किटेक्टलासुद्धा. चौघांनाही सगळ्या ओटीटींचे प्लॅन मात्र पाठ होते.

पैसा आहे हो, पण कुठल्या हेडखाली?

शोध घेतला तेव्हा कळलं, की पैसा नाही ही आपली लाडकी समजूत चुकीची आहे. पुणे महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक १२,६१८ कोटींचं होतं. या आकड्यासमोर आमचे ३१० मीटर म्हणजे हिशेबात न धरण्याइतके. गोष्ट पैशाची नसून 'हेड'ची असते. पालिकेत हा शब्द इतक्या वेळा ऐकलाय, की हल्ली घरखर्च लिहितानाही मी 'पेट्रोल हेड', 'पिझ्झा हेड' असं लिहिते.

रीतीनं जायचं तर असं: आयुक्त अंदाजपत्रकाचा मसुदा करतात, तो स्थायी समितीपुढे जातो, समिती त्यात आपली भर घालते, आणि शेवटी मुख्य सभा मंजुरी देते. नगरसेवकांनी सुचवलेली कामं ज्या यादीत पडतात तिला पालिकेच्या भाषेत 'स यादी' म्हणतात. तुमच्या कोपऱ्यावरचं बाकडं, त्यावर रंगवलेलं सौजन्याचं नाव, निवडणुकीच्या आधी घरी आलेली कापडी पिशवी... बरंचसं तिथून आलेलं असतं. फुटपाथवरचे चांगले ब्लॉक काढून तितकेच चांगले दुसरे ब्लॉक मार्चमध्ये कसे काय बसतात, हे कोडंही मग सुटतं. मार्चअखेर आली, की उरलेली तरतूद संपवायची असते. आणि वर्षाच्या मध्येच एका कामाचे पैसे दुसऱ्या कामाकडे वळवायचे असतील तर त्याला 'वर्गीकरण' म्हणतात. किती सोज्वळ शब्द आहे ना! शाळेत फुला-पानांचं वर्गीकरण करायचो तसा.

त्यात मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणूक व्हायला जानेवारी २०२६ उजाडला. म्हणजे मधली जवळजवळ चार वर्षं आयुक्तांनी मांडायचं, प्रशासकांनी मंजूर करायचं, आणि दोघं एकच व्यक्ती. आईचा प्रश्न याच काळातला. नगरसेवकाकडे जा, असं सांगायचीही सोय नव्हती.

पुण्यात चांगले फुटपाथ झालेच नाहीत असं मात्र म्हणू नका. जंगली महाराज रस्त्यावर बालगंधर्वच्या पुढे जे रुंद, झाडाखाली बसायला जागा असलेले फुटपाथ झाले, ते काही आपोआप झाले नाहीत. २०१६ मध्ये महापालिकेनं पादचारी धोरण मंजूर केलं, रस्ते कसे असावेत याची मार्गदर्शक तत्त्वं केली, आणि मग मोठ्या रस्त्यांवर मुख्य बजेटमधून पैसा आला. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन होतो, त्या दिवशी गाड्या बंद आणि माणसं रस्त्याच्या मधोमध. सॉलिड वाटतं. पण आमची गल्ली जंगली महाराज रस्ता नाही आणि आईला वर्षाचे ३६५ दिवस भाजी लागते.

मग कुणीतरी सांगितलं, अगं, फॉर्म भर ना.

एक साधा फॉर्म

मंडळी, हा फंडा नीट वाचा, कारण मला तो अठ्ठाविसाव्या वर्षी कळला. २००६ साली, नितीन करीर आयुक्त असताना, पुणे महापालिकेनं एक दार उघडलं: पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात कुठली कामं हवीत ते नागरिकांनीच सुचवायचं. कल्पना मूळची ब्राझीलची. पोर्तो अलेग्रे नावाच्या शहरानं १९८९ मध्ये ती पहिल्यांदा राबवली. आपल्याकडे साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे गणपतीच्या गडबडीत, क्षेत्रीय कार्यालयात आणि ऑनलाइन फॉर्म मिळतात. फुटपाथ, दिवे, बाकडी, बसथांबा, ड्रेनेजची झाकणं असली कामं त्यात मागता येतात. एका कामाला मर्यादा पाच लाख रुपये. प्रभागालाही वरची मर्यादा असते. एका प्रभागात एखाद्या लहान शहराइतकी माणसं राहतात, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. एकूण बजेटच्या मानाने हा वाटा चिमूटभरच आहे. पण चिमूटभर मिठानंही आमटीला चव येते, असं म्हणून मी ऑगस्ट २०२४ मध्ये फॉर्म आणला.

फॉर्म सोपा. काम कुठलं, कुठून कुठपर्यंत, का हवं. 'का हवं' पुढे मी 'आईला मेथी आणायची आहे' असं लिहिणार होते, पण सोसायटीतल्या काकांनी पेन काढून घेतलं. हे काका पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेले. आम्ही त्यांना पीडब्ल्यूडीवाले काका म्हणतो आणि त्यांना ते आवडतं. ते म्हणाले, "भावना नको. मापं लिही."

तर एका रविवारी सकाळी सात वाजता मी, काका आणि तीस मीटरची टेप. मी टेपचं एक टोक धरून उभी आणि काका दुसरं टोक घेऊन मोरासारखे पावलं टाकत पुढे. एकूण लांबी ३१०. वाटेत विजेचे डबे दोन, खांब सात, मोठी झाडं चार. काकांनी मला तिथेच उभ्या उभ्या शिकवणी दिली. इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांसाठीची २०१२ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की फुटपाथवर चालायला निदान १.८ मीटर मोकळी जागा हवी. दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तर निघून जातील इतकी. आणि उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. "आपल्याकडे फुटपाथ गुडघ्याइतका उंच करतात," काका म्हणाले, "म्हणजे गाड्या चढत नाहीत. म्हाताऱ्याही चढत नाहीत."

त्या रात्री सोसायटीच्या ग्रुपवर मी मापं टाकली. अकरा अंगठे, चार नमस्कार, दोन फुलं. आणि मग एक मेसेज: "फुटपाथ झाला तर गाड्या कुठे लावायच्या?"

झालं. पुढचे तीन दिवस ग्रुपवर गुड मॉर्निंग बंद होते, इतकी चर्चा पेटली. मीटिंग बोलवावी लागली. चहा होता, बिस्किटं होती, आणि एका बाजूला ज्यांच्या दुसऱ्या गाड्या बाहेर उभ्या असतात ते, दुसऱ्या बाजूला ज्यांचे आई-वडील हॉलमध्ये फेऱ्या मारतात ते. गंमत म्हणजे बरीच माणसं दोन्ही बाजूंना बसायला हवी होती. मीसुद्धा. माझी स्कूटर दोन वर्षं त्याच कडेला, त्या विजेच्या डब्याशेजारी उभी असायची. आत पार्किंगचे महिन्याला पैसे पडतात, बाहेर फुकट. आईच्या वाटेतला एक अडथळा माझ्या नावावर रजिस्टर्ड होता, आणि हे माझ्या आधी आईला माहीत होतं. ती कधी बोलली नाही.

कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीवाल्याचं म्हणणं वेगळं होतं. गिऱ्हाईक गाडी लावून दोन मिनिटांत कपडे टाकून जातं, फुटपाथ झाला तर तो थांबणारच नाही. त्याचं चूक आहे असं मला तेव्हाही ठामपणे म्हणता आलं नाही. त्याचं पोट त्या दोन मिनिटांवर आहे.

याच सुमाराला अमेरिकेत कॉर्नेलला शिकणाऱ्या माझ्या मैत्रिणीशी व्हिडिओ कॉल झाला. ती राहते त्या इथाकाची वस्ती तीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं तालुक्याचं गाव. तिथे पूर्वी नियम असा होता, की तुमच्या घरासमोरचा फुटपाथ फुटला तर तो तुम्ही स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचा. ज्याच्या घरासमोर लांबच लांब फुटपाथ, त्याचं दिवाळं. २०१४ पासून त्यांनी पद्धत बदलली. गावाचे पाच भाग केले, छोट्या घरानं वर्षाला ७० डॉलर द्यायचे, मोठ्या इमारतींनी आणि दुकानांनी जास्त, आणि ज्या भागाचे पैसे त्या भागातच खर्च. विद्यापीठाला तिथे मालमत्ता कर माफ, पण ही 'फी' असल्यामुळे त्यालाही भरावी लागते. डोकेबाज लोक. फुटपाथवरचं बर्फ मात्र अजूनही ज्याचं त्यानं काढायचं. हे मी मीटिंगमध्ये सांगितलं, तर खजिनदार एकदम सावध झाले. "म्हणजे मेंटेनन्स वाढवायचा म्हणताय का तुम्ही?"

शेवटी तोडगा काकांनीच काढला. डाव्या बाजूला फुटपाथ, उजव्या बाजूला गाड्या, लॉन्ड्रीसमोर कडा उतरती. ४६ सह्या झाल्या. लॉन्ड्रीवाल्यानं सही केली नाही, पण विरोधही केला नाही.

फॉर्म द्यायला गेले त्या कार्यालयातले कनिष्ठ अभियंता माझ्याच वयाचे निघाले. त्यांच्या टेबलावर फायलींचा ढीग आणि डब्यात थंड झालेली पोळी-भाजी. त्यांनी फॉर्म वाचला, काकांची मापं बघून भुवया उंचावल्या आणि म्हणाले, "मॅडम, इतकं व्यवस्थित कुणी देत नाही." मग त्यांनी मला पंधरा मिनिटांत जे समजावलं ते आमच्या पेपरात नव्हतं. आमचा रस्ता १२ मीटरपेक्षा अरुंद, म्हणून तो क्षेत्रीय कार्यालयाकडे येतो. रुंद असता तर मुख्य पथ विभागाकडे गेला असता आणि हा फॉर्म नुसता फिरत बसला असता. विजेचा डबा हलवायचा तर महावितरण, झाडाच्या मुळाला हात लावायचा तर उद्यान विभाग. खाली ड्रेनेजचं काम बाकी असेल तर आधी ते, नाहीतर फुटपाथ करून सहा महिन्यांत परत खणायचा. आणि त्या बंगल्याची भिंत? ते थोडे गप्प झाले. "ती जागा कागदावर रस्त्याची आहे, पण ताब्यात आलेली नाही. ताब्यात नसलेल्या जागेवर मी एक ब्लॉकसुद्धा बसवू शकत नाही."

म्हणजे ३१० मीटर एकदम होणार नव्हते. त्यांनी कॅल्क्युलेटर ओढला, दरसूची उघडली. ब्लॉक, कडेचे दगड, खालची भर, उतार, कर. पाच लाखांत त्या वेळच्या दरानं आमच्याकडे किती फुटपाथ येतो ते मला कळलं: १४० मीटर. सोसायटीच्या फाटकापासून बंगल्याच्या भिंतीच्या अलीकडेपर्यंत.

"टाकू का?" त्यांनी विचारलं.

निम्म्याहून कमी. मी क्षणभर विचार करत होते, की आईला चौकापर्यंतचा रस्ता हवाय, अर्ध्यात सोडणारा नाही. पण अर्धा मागितला नाही तर हेडच उघडत नाही, आणि हेड उघडलं नाही तर पुढच्या वर्षी उरलेलाही मागता येत नाही, हे ते डोळ्यांनी सांगत होते. टाका म्हटलं.

मार्च २०२५ मध्ये अंदाजपत्रक आलं. यादीत आमची एक ओळ होती. मी आयुष्यात पहिल्यांदा कुठल्याही बजेटच्या बातमीत इन्कम टॅक्सचा स्लॅब सोडून दुसरं काही शोधलं. त्याच वर्षी १४ मे रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की चालण्यायोग्य फुटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. कागदावर याहून मोठं काही मिळायचं नाही. आकडेही तितकेच मोठे आहेत: २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतले ३२,८२५ पायी चालणारे होते. मी ही बातमी आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "मग आपला कधी सुरू होणार?"

पावसाळा गेला, दिवाळी गेली. डिसेंबरात एका सकाळी फाटकाबाहेर ब्लॉकचा ढीग पडलेला दिसला आणि मी ऑफिसच्या कॉलवर असूनही ओरडले. तीन आठवडे काम चाललं. काका रोज सकाळी टेप घेऊन हजर. दुसऱ्या दिवशी कडा १८० मिलिमीटर भरली म्हणून त्यांनी मुकादमाला उतरवायला लावली, आणि मुकादमानं कपाळाला हात लावून ती उतरवली. रुंदी बहुतेक ठिकाणी १.८ बसली, दोन झाडांपाशी दीडवर आली. माझी स्कूटर आता आत, महिना पैसे भरून.

पहिल्या दिवशी आई माझ्याबरोबर निघाली. खाली न बघता चालत होती. माझ्या लक्षात आलं, की कित्येक वर्षांत मी तिला रस्त्यावर मान वर करून चालताना पाहिलंच नव्हतं. बंगल्याच्या भिंतीपाशी फुटपाथ संपला. आई थांबली, पुढच्या १७० मीटरकडे बघितलं आणि वळली. "आज इतकंच."

आठवड्यानं मी ऑफिसातून परत येत होते, तर फुटपाथ संपतो तिथे, भिंतीच्या सावलीत, मावशी बसलेल्या. पिंपळाखालच्या मावशी. आईनं त्यांना फोन केला होता. आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी त्या पाटी घेऊन इथपर्यंत येतात. आई समोर उभी, मेथीची जुडी हातात, आणि कुणाच्या तरी जावयाचा विषय चाललेला.

मी काकांकडे बघितलं. काका माझ्याकडे. मावशींची पाटी धरून फुटपाथ किती उरतो ते त्यांनी आधीच मोजलं होतं. १.१ मीटर. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, त्यांना जागा नेमून द्यायची असते, ही जागा नेमलेली नाही, हे सगळं आम्हा दोघांना माहीत होतं. एक बाई मुलाची बाबागाडी घेऊन आली. मावशींनी पाटी भिंतीकडे सरकवली, बाई गेली, पाटी परत जागेवर.

"बोलायचं का?" मी विचारलं.

"फॉर्म कधी निघतात या वर्षी?" काका म्हणाले. "त्या भिंतीच्या आत पत्र टाकून बघू आधी. जागा ताब्यात आली तर पुढचे १७० होतील. मग या बाई आपोआप पिंपळाखाली जातील."

आईनं तेवढ्यात हाक मारली. सुट्टे वीस रुपये हवे होते. आणि ऑगस्टच्या फॉर्ममध्ये इथे एक बाकडंही लिहून टाक म्हणाली, मावशींचे पाय दुखतात.